गाळाचं विरजण

पुण्यात प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात आली की पात्रता काय आणि पगार किती, हे लोक नंतर विचारतात. पहिला प्रश्न एकच असतो: कुणासाठी काढलीय? हडपसरच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जितके तास तितकाच पगार आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ठणठणगोपाळ, तिथल्या स्टाफरूममध्ये तर याबद्दल दुमतच नव्हतं. जाहिरात शिंप्यानं बेतलेली असते, ज्याच्या मापाची त्यालाच बसते, बाकीच्यांनी नुसती अंगाला लावून बघायची. मी नवीन असताना हे ऐकलं तेव्हा मला ही माणसं कडवट वाटली होती. काही वर्षं मुलाखती दिल्यावर मीच ते नव्यांना ऐकवायला लागले.

म्हणून ती जाहिरात मोबाइलवर दिसली तेव्हा मला आनंद झाला नाही. आधी माझे डोळे बारीक झाले. शहराच्या कडेला, डोंगर फोडून उभ्या राहिलेल्या एका नव्या विद्यापीठाची जाहिरात होती. सहायक प्राध्यापक, पद एक, कायमस्वरूपी. विषय: पर्यावरणीय भू-जीवशास्त्र.

हा माझाच विषय. दगडात, मातीत, पाण्याच्या तळाशी राहणारे सूक्ष्मजीव त्या दगड-माती-पाण्याचं काय करतात आणि आपण सगळीकडे घाण करून ठेवल्यावर ते कसं निस्तरतात, एवढंच त्यात असतं. पण हे नाव आपल्याकडच्या जाहिरातीत मी कधीही पाहिलं नव्हतं. भूशास्त्राच्या मुलाखतीला गेलं की म्हणायचे, तुम्ही तर जंतूंच्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलाखतीला गेलं की म्हणायचे, तुम्ही तर दगडांच्या. दोन्हीकडे चहा मात्र चांगला मिळायचा. आई सोसायटीतल्या बायकांना माझं काम सांगताना सगळं सोपं करून टाकायची. "आमची गाळात असते," असं ती म्हणायची आणि त्या बायका माझ्याकडे कळवळून बघायच्या.

इतक्या अरुंद मापाची जाहिरात उगाच निघत नाही. त्या मापाची माणसं माझ्या माहितीत पुण्यात दोनच होती. त्यातली एक मी. माझ्यासाठी कुणी जाहिरात काढेल इतकी माझी कुठेच ओळख नव्हती, तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला. राहिली ती.

ती म्हणजे माझी मैत्रीण. एकाच मार्गदर्शकांकडे, एकाच प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी पीएचडी केली होती. एका स्कूटरवरून नाले, खाणी, धरणांचे काठ हिंडलो होतो, एका डब्यातून जेवलो होतो. पुढे ती लग्न करून विश्रांतवाडीला गेली, मी कोथरूडला आईपाशी राहिले. तीही माझ्यासारखीच तासांवर शिकवत होती. दोघींची चाळिशी जवळ आली होती. आमच्या विषयाची जाहिरात पुन्हा निघेल अशी आशा करण्याइतकी मी भोळी नव्हते. ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर जन्मभर घंटेबरहुकूम हडपसर.

तिचा फोन त्याच दिवशी आला.

"पाहिलीस का?"

"काय?" मी पाहिलेलं असूनही विचारलं.

"अगं, जाहिरात. आपली."

मला ते 'आपली' खटकलं. "भरणार आहेस का तू?" मी विचारलं.

"भरीन की. तू पण भर. किमान तीन उमेदवार तरी लागतात म्हणे, नाहीतर मुलाखतच घेत नाहीत."

ती सहज बोलली असेल. पण मुलाखतीच्या जगात 'तिसरा उमेदवार' म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याला घ्यायचं ते ठरलेलं असतं. पण मुलाखत झाली असं दाखवायचं तर खुर्च्या भरायला माणसं लागतात, मग ज्याचं ठरलंय तोच आपल्या मित्रांना गळ घालतो, की ये रे, तेवढा अर्ज भर. लग्नात रुखवताजवळ बसवलेल्या पाहुण्यासारखं. मीही दोनदा अशी जाऊन बसले होते, मैत्रीखातर. तेव्हा तिचं ते वाक्य ऐकताच मी हिशोब मांडला. हिचं ठरलंय आणि हिला खुर्ची भरायला मी हवीय.

तरी मी अर्ज भरला. संशय खरा आहे की नाही हे बघायला तरी आत जायला हवं होतं.

मुलाखतीला बोलावलं तेव्हा कळलं की आधी समितीसमोर एक छोटा पाठ घ्यायचा आहे, सोबत शिकवण्याचं काही साधन आणलं तर उत्तम. साधन काय न्यायचं, यावर मी क्षणभरही विचार केला नाही. बरणी.

आमच्या विषयात ही बरणी म्हणजे पहिला धडा. लोणच्याची उंच काचेची बरणी घ्यायची, त्यात पाणथळीचा गाळ भरायचा, वर्तमानपत्राचे कपटे आणि अंड्याची कवचं कालवायची, वर पाणी ओतून खिडकीत उन्हाला ठेवायची. सुरुवातीला तो नुसता चिखल दिसतो. मग आठवड्यांनी त्याचे थर होतात. तळाशी काळा, त्यावर हिरवा, त्यावर जांभळा, सगळ्यात वर तांबूस. ज्यांना हवा विषासारखी वाटते ते तळाशी राहतात, गंधकावर गुजराण करतात आणि सडक्या अंड्यासारखा वायू सोडतात. हिरवे आणि जांभळे त्यांच्या डोक्यावर बसून तोच वायू आणि ऊन खाऊन जगतात. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर सांगितलं तर जांभया येतात. बरणी दाखवली की ते खुर्ची सोडून जवळ येतात.

पण कोऱ्या चिखलातून हे सगळं उगवायला वेळ लागतो, दह्याला विरजण लागतं तसं इथेही लागतं. आमच्या प्रयोगशाळेतली जुनी बरणी, दोघींनी मिळून लावलेली, तिच्याकडे होती. मी फोन केला आणि थोडा गाळ मागितला. मला वाटलं होतं ती आढेवेढे घेईल. तिनं दुसऱ्याच दिवशी हडपसरला माझ्या कॉलेजच्या फाटकापाशी येऊन श्रीखंडाच्या डब्यातून गाळ आणून दिला. विश्रांतवाडीहून हडपसर, दुपारच्या उन्हात. इतक्या तत्परतेनं पुण्यात कुणी कुणाला काही देत नाही. मी डबा घेतला, आभार मानले आणि बसमध्ये बसल्यावर झाकण उघडून वास घेतला. शेजारच्या बाईंनी जागा बदलली.

आईच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिरलं नव्हतं. कवचं मी कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवरून आणली, आईनं ती घरात घ्यायला परवानगी दिली, पण नुसती कवचं, आतलं काही नाही, या अटीवर. पुस्तकं गंधकासाठी बलक किंवा जिप्समची पूड घालायला सांगतात. मी दोन्हीतलं काहीच घातलं नाही. माझ्या पाठाचा मुद्दाच तो होता. खडकवासल्याच्या वर, धरणाच्या काठचा गाळ आणला होता, आणि मला समितीला दाखवायचं होतं की आपल्या मातीत जे लागतं ते आहे, बाहेरून काही घालावं लागत नाही. फोनवर हे मी मैत्रिणीलाही ऐकवलं, जरा ऐटीतच.

"नक्की?" ती म्हणाली. "त्या गाळात गंधक कमी असतं गं."

"बघशीलच," मी म्हटलं.

बरणी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि आईला बजावलं, बरणीला हात लावायचा नाही. "मला काय हौस आली आहे?" आई म्हणाली.

आठवडे गेले. बरणीत काहीच होईना. पाणी गढूळच्या गढूळ, खाली करडा चिखल, त्यात वर्तमानपत्राचा एक कपटा काचेला चिकटलेला, त्यावर कुठल्याशा गृहप्रकल्पाच्या जाहिरातीतलं हसणारं कुटुंब. जांभळ्याचा मागमूस नाही. रोज सकाळी चहा घेताना मी त्या कुटुंबाकडे बघायचे आणि माझं डोकं फिरायचं. मैत्रीण अधूनमधून फोन करून विचारायची, "आली का जांभळी?" पहिल्यांदा मला ते प्रेमाचं वाटलं. मग वाटायला लागलं की ही चौकशी करतेय. विरजण मेलेलं दिलं असेल तर दही लागलं नाही ना, हे तिला बघायलाच हवं.

हा विचार एकदा डोक्यात शिरला की त्याला खायला घालावं लागत नाही, तो आपला आपण पोसतो. एका रविवारी मी काही निमित्त काढून विश्रांतवाडीला तिच्या घरी गेले. जुनी बरणी बाल्कनीत नेहमीच्या जागी होती, पण तिच्यावर जाडसा टॉवेल टाकलेला होता.

"झाकलीस का गं? ऊन नको का तिला?"

"वास येतो. सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या बायका येतात," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

इतकी वर्षं वास येत नव्हता? मी टॉवेलचं टोक हातात धरलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याच्या घरातल्या झाकणाखाली बघायचं नाही, एवढं वळण आईनं लावलेलं आहे. पण येताना आळंदी रस्त्याच्या सिग्नलपाशी बसमध्ये उभी असताना मला ते टॉवेलखालचं सगळं दिसत होतं: जांभळा, गडद, तरारलेला थर, मुलाखतीच्या दिवसापर्यंत कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून झाकून ठेवलेला.

घरी आले आणि बरणीसमोर उभी राहून आईवर ओरडले, ज्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. "असलं गढूळ पाणी घेऊन जाऊ का मी मुलाखतीला? हसतील सगळे!"  आईनं माझ्या ताटात आमटी वाढली.

त्याच आठवड्यात एके दिवशी मी कॉलेजातून आले तर आई म्हणाली, "ती येऊन गेली. इकडे कोथरूडला काही काम होतं म्हणाली. चहा घेतला, बरणीकडे बराच वेळ बघत बसली होती बिचारी."

"बरणीकडे?"

"विचारत होती, हिनं यात काही घातलंय का. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं."

आणि मग, त्यानंतरच्या दिवसांत, बरणी बदलायला लागली. आधी पाणी निवळलं. चिखल काळा पडत गेला. एका सकाळी त्या हसणाऱ्या कुटुंबाच्या पायांशी जांभळट डाग दिसला. तो वाढत गेला, आडवा पसरला आणि बरणीला जांभळी पट्टी आली, इतकी गडद की आईनंसुद्धा कौतुकानं म्हटलं, "वांग्याच्या सालीसारखी दिसते."

मी नाचायला हवं होतं. मी नाचले नाही. त्या पट्टीतला थेंब डबीत घालून हडपसरला नेला आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, कारण मला खात्री होती की तो रंग आहे, कपड्याला लावायचा, तिनं टाकलेला, समितीसमोर माझी फजिती व्हावी म्हणून. काचेवर ते जीव वळवळत होते. खरे होते, जिवंत होते. संशय खोटा ठरला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि मी लगेच दुसरा शोधायला लागले.

मुलाखतीच्या दिवशी बरणी आईच्या जुन्या साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षानं गेले. विद्यापीठाच्या फाटकावर रखवालदारानं अडवलं.

"काय हाय बरणीत?"

"चिखल."

त्यानं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. "आत चिखल न्यायला परवानगी नाय, मॅडम."

"का? आत काय कमी आहे का?" मी म्हटलं. तो हसला आणि त्यानं फाटक उघडलं. सबंध दिवसात माझं चांगलं बोलणं तेवढंच झालं.

बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी, ती आणि विदर्भातून आलेला एक तरुण, नव्या ब्लेझरमध्ये. मी आत शिरले तेव्हा विद्यापीठाचा कारकून त्या तरुणाला स्वतः पाणी आणून देत होता आणि अगदी प्रेमानं विचारत होता, "बरं वाटतंय ना आता?" म्हणजे हा. याचं ठरलेलं. मी लगेच मैत्रिणीकडे पाहिलं, पण ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "रात्रीच्या गाडीनं आलाय, पोटात काही नाही. आत्ता चक्कर आली त्याला." तिनं पर्समधली पोळीची गुंडाळी त्याला दिलेली होती.

"तुमी बी घ्या ना मॅडम," तो मला म्हणाला. "काहून घेत नाही?"

मी तिच्या पायांशी, खुर्चीखाली, सगळीकडे नजर टाकली. बरणी नव्हती.

"तुझी कुठाय?"

"नाही आणली."

"मग काय दाखवणार?"

"खडू आहे," ती म्हणाली. तेव्हा मला हे अति झालं. इतकी निश्चिंत कोण असतं? ज्याला काही दाखवायचीच गरज नाही तो.

तो तरुण आत जाऊन आला, मग माझी पाळी. टेबलापलीकडे पाचसहा माणसं होती, त्यांत बाहेरून बोलावलेले एक पांढऱ्या केसांचे तज्ज्ञ. मी साडी सोडवून बरणी टेबलावर ठेवली आणि जे व्हायला हवं ते झालं. सगळे पुढे वाकले. कुलगुरूंनी चष्मा काढून काचेला नाक लावलं. मी बोलत गेले, छान बोलले. धरणाच्या काठचा गाळ, वर्तमानपत्र, अंड्याची कवचं, आणि यात बाहेरून गंधक घातलेलं नाही, हे ठासून सांगितलं.

तज्ज्ञ बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत होते. मग शांतपणे म्हणाले, "बाई, त्या काठचा गाळ मी स्वतः तपासलेला आहे. त्यात एवढ्या जांभळ्याला पुरेल इतकं गंधक नाही. आपण काही घातलेलं नाही म्हणता. मग ते आलं कुठून?"

 आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिप्सम. ती घरी आली होती. बरणीपाशी बराच वेळ बसली होती. माझा मुद्दा तिला ठाऊक होता, गंधक कमी असतं हेही तिनंच सांगितलं होतं. चिमूट दोन चिमूट पूड टाकली की बरणी सुंदर होणार आणि हा प्रश्न विचारला जाणार. रंगापेक्षा कितीतरी हुशारीचं काम. जिभेच्या टोकावर वाक्य आलं होतं: माझ्या एका स्पर्धक उमेदवारानं यात हात घातलाय. ती दाराबाहेर बसलेली होती. मी ते वाक्य उच्चारलं असतं तर तिचं तिथेच संपलं असतं.

मी ते का गिळलं, ते आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणून नक्कीच नाही. माझ्यापाशी पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही सवय शिकवून शिकवून अंगात मुरलेली होती.

"माझ्या माहितीप्रमाणे यात बाहेरून काही गेलेलं नाही," मी म्हटलं. "पण सर, आपण म्हणता तर माझ्या नकळत काहीतरी गेलेलं आहे. काय, ते मला माहीत नाही."

"माहीत नाही," ते म्हणाले. रागानं नाही, चेष्टेनं नाही, नुसतं माझं वाक्य पुन्हा उच्चारून बघावं तसं. मग कुलगुरूंनी धन्यवाद म्हटलं.

मी तिला जाब विचारायलाच बाहेर आले, पण तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती आत गेली. मी दाराशेजारच्या खुर्चीत बसून राहिले. दार नीट लागत नव्हतं. फळ्यावर खडूचा आवाज आला. ती बरणीचं चित्र काढत होती. तळापासून सुरुवात करून एकेक थर, एकेक जीव, तो कुणाचं उरलेलं खातो आणि कुणाला पोसतो. आतून कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, मग हिरव्यांचं काय होतं? ती म्हणाली, थांबा, अजून त्यांच्यापर्यंत ऊन पोचलेलं नाही. माझ्या बरणीकडे लोक पुढे वाकले होते. तिनं नुसत्या खडूनं तेच केलं. मला ते ऐकताना राग यायला हवा होता, आणि मी ते सगळं शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं.

ती बाहेर आल्यावर आम्ही फाटकापर्यंत चालत आलो. तिथे मी थांबले.

"घरी आली होतीस तेव्हा माझ्या बरणीत काय घातलंस?"

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "मी? मी हातसुद्धा नाही लावला. बघायला आले होते, विरजण लागलंय का ते. मला काळजी वाटत होती."

"तुला कसली काळजी?"

"कारण दुसरं द्यायला नव्हतं माझ्याकडे," ती म्हणाली. "तुला द्यायला म्हणून मी खोलवरचा, जांभळ्यातला गाळ खरवडला. सगळा जिवंत थर. मला वाटलं परत भरून येईल. हवा आत शिरली आणि बरणी मेली. सगळी. तू आलीस तेव्हा म्हणून झाकली होती. तुला दिसली असती तर तू वाईट वाटून घेत बसली असतीस, मुलाखत तोंडावर आलेली असताना."

खरं सांगते, त्या क्षणीही मला वाटलं, ही खोटं बोलतेय. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण तिनं मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. आमची जुनी बरणी, वरपासून खालपर्यंत एकाच मातकट रंगाची. दोघींनी लावलेली, आमच्या सगळ्या उमेदीच्या वर्षांत खिडकीत उभी असलेली. मला फाटकासमोर रस्त्यावर रडू आलं. रखवालदारानं तोंड फिरवलं.

"पुरे आता," ती म्हणाली. "पण मग तुझ्या बरणीत गंधक आलं कुठून?"

घरी पोचले तर आई दारातच होती. "कसं झालं? पाणी स्वच्छ दिसलं ना?"

"पाणी?"

"अगं, किती गढूळ होतं. तू म्हणालीस ना, हसतील. मग मी रोज तुरटी फिरवत होते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की फिरवतो तशी. चार दिवसांत कसं निवळलं बघ."

मी साडीत गुंडाळलेली बरणी घेऊन पायपुसण्यावर उभी होते. तुरटी. तुरटीत गंधक असतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आई रोज सकाळी, मी अंघोळीला गेले की, माझ्या बरणीत गंधक घालत होती.

"तुला सांगितलं होतं ना, बरणीला हात लावायचा नाही म्हणून!"

"बरणीला कुठे लावला?" आई म्हणाली. "पाण्यात फिरवली फक्त."

मी जमिनीवर बसून हसत सुटले आणि मैत्रिणीला फोन लावला. तीही इतकी हसली की तिच्या सासूबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. मग म्हणाली, "त्या तज्ज्ञांना कळव ना. मेल कर." मी केला नाही. मुलाखतीनंतर समितीतल्या माणसाला मेल म्हणजे वशिला. दुसऱ्या कुणी केला असता तर मी तरी तेच म्हटलं असतं.

जागा तिला मिळाली.

आपल्याकडे अशा वेळी सांत्वन करायची एक रीत आहे. सोसायटीतल्या बायका, स्टाफरूममधले सहकारी, नात्यातले सगळे येतात आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "जाऊ दे गं, ठरलेलंच असणार ते." फार मोठा दिलासा असतो त्यात. माणूस हरत नाही, त्याला हरवलं जातं. आजवर प्रत्येक मुलाखतीनंतर मी त्या वाक्याखाली ऊब घेतली होती. या वेळी शेजारच्या काकू ते म्हणाल्या आणि मी म्हटलं, "नाही हो काकू. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. मी दाराबाहेरून ऐकलंय." काकूंना ते आवडलं नाही. मलाही नाही आवडलं. मग रात्रभर उशीवर कूस बदलत राहिले, कारण आता दोष द्यायला कुणीच उरलं नव्हतं.

रुजू झाल्यावर तिनं आतली एक गोष्ट सांगितली. ती जाहिरात कुणाच्याच मापाची नव्हती. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून विषयांची नावं उचलली होती. हे नाव भारदस्त वाटलं म्हणून ठेवलं, त्याचा अर्थ विभागात कुणालाच माहीत नव्हता. इतके दिवस मी ज्या शिंप्याला शोधत होते, तो नव्हताच.

परवा ती घरी आली. नवीन प्रयोगशाळेत पहिली बरणी लावायची होती. तिनं पर्समधून श्रीखंडाचा रिकामा, धुतलेला डबा काढून ओट्यावर ठेवला. तोच डबा, मी तिला परत केलेला. आईनं कागदाची पुडी आणून त्याशेजारी ठेवली, आत तुरटीचा खडा.

मी खिडकीतली बरणी खाली घेतली, झाकण काढलं, लांब दांड्याचा चमचा घेतला. हडपसरला वर्गात आता मी हीच बरणी नेते. माझ्याकडे दुसरी नाही.

"वरवरचा दे हं," ती म्हणाली. "खोल खरवडू नकोस. मरेल."

मी चमचा जांभळ्यापर्यंत आत घातला.